औषधाची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने ह्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय आपल्या आवडीचा घ्यावा अशी सवलतही दिली. निवृत्त शिक्षकाकडून संस्कारांची महती किंवा विद्यार्थ्यांची शिस्त असल्या विषयांची अपेक्षा असते. ते विषय आम्ही अनेकदा हाताळले आहेत आणि आपण ते तितक्याच वेळा सोसलेही आहेत. आज विषय निराळा आहे. आपण जी लस टोचून घेतो, जे औषध मुलाच्या तोंडात घालतो, ते निर्धोक आहे हे कोण ठरवितो आणि कसे ठरवितो, हा तो विषय होय. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकचे, वाचन मात्र बऱ्यापैकी. तेव्हा जे बोलू ते वाचलेले व विचारून घेतलेले आहे असे समजावे.

हा विषय डोक्यात शिरण्यास दोन प्रसंग कारण झाले. मंडळाने गेल्या वर्षी मुलांना लस टोचण्याचे शिबिर भरविले होते. तेथे एक भगिनी नातवाचा हात घट्ट धरून दारातच उभ्या राहिल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, ह्या लशीची नीट परीक्षा झाली आहे ना? कोणी केली?" डॉक्टरांनी "झाली आहे" एवढेच सांगितले. प्रश्न रास्त होता आणि उत्तर अपुरे होते. त्या नातवाला घेऊन परत गेल्या.

दुसरा प्रसंग आपल्या वधूवर मेळाव्यानंतरचा. एक स्थळ आम्ही मध्यस्थ ह्या नात्याने जुळवीत होतो. पत्रिका जुळली, घरे एकमेकांस पसंत पडली, मुलामुलीचे बोलणेही झाले. मुलगी रसायनशास्त्राची एम्. एस्सी.; औषधांची व रसायनांची विषपरीक्षा जेथे होते अशा एका प्रयोगशाळेत नोकरीस. ती सशांवर औषधाची चाचणी करते, हे मुलाकडील मंडळींस कळले तेव्हा त्यांचा निरोप आला: "मुक्या जनावरांस सुया टोचणारी सून आमच्या माळकरी घरात कशी चालेल?" स्थळ मोडले. आम्ही मध्ये होतो, पण त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हते आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मनातही थोडी कुरकुर होतीच. एक घर परीक्षा झाली का म्हणून विचारते आणि दुसरे घर परीक्षा करणारीलाच नाकारते! ही दोन्ही घरे आपलीच आहेत. त्यानंतरचे आठ-दहा महिने आम्ही ह्याच विषयावर मिळेल ते वाचीत होतो.

प्रारंभ आपल्या मुंबईपासूनच करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर मुंबईची काय दैना झाली हे आपल्या पणज्या-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींतून अनेकांनी ऐकले असेल. पुण्याच्या बाजूस रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्यांनी १० मार्च १८९७ रोजी ह्याच रोगाने देह ठेवला. त्या आकांतात सरकारने एका परदेशी जंतुशास्त्रज्ञास मुंबईस धाडले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला, धर्माने ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. पटकीवरील लस त्यांनी आधीच तयार केली होती आणि ती १८९२ साली प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस जागा मिळाली ती लहानशी आणि हाताखाली माणसे मिळाली ती एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली, जनावरांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. ते सोसून त्यांनी आपले काम चालू ठेवले.

नंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी टोचून घेण्यास तयार झाले त्यांना लस दिली, उरलेल्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडतात व किती मरतात हे मोजले. लस घेतलेल्यांत प्लेगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. ज्यास आज दोन गटांची तुलनात्मक चाचणी म्हणतात ती आपल्या मुंबईत अशी झाली. कैदी "नको" म्हणण्यास खरोखर कितपत मोकळे असतात, हा प्रश्न आमच्या मनात येतो. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही. आज तो प्रथम विचारला जातो आणि संमतीचा कागद त्यातूनच आलेला आहे.

येथे ज्ञातिसंस्थांच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोक लशीस भीत होते. घरझडत्या व सक्तीची इस्पितळे ह्यांमुळे सरकारी माणसांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतः टोचून घेतले आणि हाफकिन ह्यांच्या कामासाठी आपली एक मोठी इमारतही दिली. पाठोपाठ त्यांच्या समाजातील लोक टोचून घेण्यास पुढे आले. पुढे १८९९ मध्ये हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. परळवरून जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीकांस हे नाव ज्याचे आहे त्या माणसाचे पुढे काय झाले हे ठाऊक असेल, कोण जाणे!

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुलकोवाल नावाचे खेडे. आज ते पाकिस्तानात आहे. परळहून आलेली लस तेथे १०७ लोकांस टोचली गेली. ती पाच बाटल्यांतून दिली होती. आठवडाभरात त्यांच्यापैकी काही जणांचे जबडे आवळू लागले, अंगे धनुष्यासारखी वाकू लागली. तो धनुर्वात होता. १९ माणसे मेली. आणि ती एकोणीसही माणसे एकाच बाटलीतून टोचलेली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन्. इतर चार बाटल्यांतून टोचलेल्यांस धनुर्वात झाला नाही.

बाटलीवर क्रमांक होता आणि कोणास कोणत्या बाटलीतून टोचले ह्याची नोंद होती, म्हणूनच एवढे तरी कळले. ती नोंद नसती तर लसच घातक आहे असे ठरले असते आणि प्लेगाने आणखी किती माणसे नेली असती, त्याचा हिशेब करवत नाही.

आता प्रश्न असा की, बाटली बिघडली कोठे? सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. लशीची मागणी वाढल्यामुळे हाफकिन ह्यांनी ती बनविण्याची रीत बदलली होती. पूर्वी लशीत कार्बोलिक ॲसिड घालीत, ते वगळून उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भिस्त ठेवली होती. आयोगाने ह्या बदलावर बोट ठेवले व बाटली परळलाच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. हाफकिन ह्यांच्या हातून संस्था गेली. प्लेगाशी झुंजलेला माणूस १९ माणसांच्या मृत्यूचा धनी ठरला.

साक्षीपुरावा मात्र निराळेच सांगत होता. मुलकोवालास ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता विसळला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. धनुर्वाताचे जंतू मातीत, विशेषतः जनावरांच्या शेणमूत्राने भरलेल्या मातीत असतात आणि त्यांची बीजे इतकी चिवट असतात की नुसत्या विसळण्याने ती मरत नाहीत. शिवाय बाटली परळहून भरून निघाल्यास सहा आठवडे होत आले होते. एवढे दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर बाटली उघडताच दुर्गंधी सुटावयास हवी होती. उघडणाऱ्या डॉक्टरांस तशी दुर्गंधी आली नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने हा पुरावा तपासून दोष गावात घडला असावा असे मत दिले. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञ ह्यांनी १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून जाहीरपणे हाफकिन ह्यांची बाजू घेतली, तेव्हा त्याच वर्षी सरकारने त्यांस दोषमुक्त केले. ते हिंदुस्थानात परत आले, पण परळास नव्हे, कलकत्त्यास. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आम्ही ह्या प्रकरणावर इतका वेळ घेतला, कारण आमच्या मते त्या भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्यातच आहे. हाफकिन ह्यांनी पुढे कितीही न्याय मिळविला तरी त्या दिवशी त्यांच्याजवळ "ही बाटली परळहून निघाली तेव्हा शुद्ध होती" असे दाखविणारा, कोणासही नाकारता न येणारा पुरावा नव्हता. आज तो ठेवावा लागतो. लशीचा प्रत्येक घाणा, ज्यास बॅच म्हणतात, तयार झाला की त्यातील नमुने काढून दोन प्रकारच्या पोषक द्रवांत घालतात आणि १४ दिवस उबदार ठेवतात. त्यांपैकी एक द्रव मुद्दाम असा केलेला असतो की त्याच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही, कारण धनुर्वाताचे जंतू हवेविना वाढणारे आहेत. चौदा दिवसांत द्रव गढूळ झाला तर घाणा बाद. कारखान्याने स्वतः केलेली परीक्षाही पुरत नाही. नमुने सरकारी प्रयोगशाळेस जातात. आपल्या देशात लशींसाठी हे काम हिमाचल प्रदेशातील कसौली येथे होते. करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रासही हा अधिकार देण्यात आला. ह्या सर्वांतून पार पडलेली कुपी शिबिराच्या दारापर्यंत येते. तिच्यावर घाण्याचा क्रमांक असतो. तो मुलाच्या कार्डावर लिहून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. मुलकोवालच्या एकोणीस माणसांची कहाणी त्या क्रमांकामुळेच उलगडली. परिचारिकेच्या हातून सुई वा बूच खाली पडले तर "दुसरे घ्या" असे म्हणण्यास लाजू नये.

ह्याच सुमारास, १९०१ साली, अमेरिकेतील सेंट लुईस शहरात घटसर्पावरील प्रतिविष देऊन १३ मुले दगावली. ते प्रतिविष ज्या घोड्याच्या रक्तातून काढले त्या घोड्यालाच धनुर्वात झाला होता. पुढच्याच वर्षी तेथे लशी व प्रतिविषे ह्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. कायदे बहुधा असेच होतात; आधी मुले मरतात.

आता रसायनांकडे वळू. लशींपेक्षा ह्या बाबतीत आपली स्थिती अधिक लाजिरवाणी आहे, असे आम्हांस वाटते.

१९३७ साली अमेरिकेत घसा व ताप ह्यांवर सल्फानिलामाइड नावाचे नवे गुणकारी औषध गोळ्यांच्या रूपात मिळत असे. मुलांस गोळी गिळता येत नाही म्हणून एका कंपनीने ते पातळ करावयाचे ठरविले. ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात छान विरघळले. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली, तिन्ही उत्तम. विषारी आहे की काय एवढेच कोणी पाहिले नाही. शंभरहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली; त्यांत पुष्कळ लहान मुले होती. ज्या रसायनतज्ज्ञाने ते मिश्रण केले त्याने पुढे आत्महत्या केली. आणि कायद्याची गंमत अशी की, माणसे मारल्याबद्दल कंपनीवर खटला भरता येईना. औषधास 'एलिक्सर' म्हटले आणि त्यात मद्यार्क नव्हता, एवढ्याच चुकीच्या नावाबद्दल दंड करता आला! १९३८ च्या कायद्याने विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचा पुरावा देणे भाग पडले.

त्या वेळी शिकागो विद्यापीठात ह्या विषाचा छडा लावण्यासाठी उंदरांवर प्रयोग चालले होते. तेथे काम करणाऱ्यांत फ्रान्सेस ओल्डहॅम नावाची २३ वर्षांची, कॅनडाहून आलेली एक विद्यार्थिनी होती. लग्नानंतर तिचे नाव झाले फ्रान्सेस केल्सी. हे नाव लक्षात ठेवावे. पुन्हा येणार आहे.

हे द्रव्य गोडसर असते, ग्लिसरिनसारखे दिसते आणि त्याहून स्वस्त पडते. कारखान्यांत त्याचे अनेक उपयोग आहेत, पोटात मात्र ते जाता कामा नये. १९३७ साली जगास हे कळले. त्यानंतर १९७२ साली मद्रासमध्ये तेच झाले. १९८६ साली आपल्या मुंबईत, जे. जे. इस्पितळात, मेंदूवरील वा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठी ग्लिसरिन दिलेले १४ रुग्ण दगावले. औषधी म्हणून पुरविलेल्या त्या ग्लिसरिनमध्ये हेच विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन ह्यांच्या आयोगाने चौकशी केली आणि दोष एका पुरवठादारावर न थांबविता खरेदी करणारे, तपासणारे व परवाने देणारे अशा सर्वांच्या पदरात घातला. तो अहवाल गाजला. तरीही १९९८ साली दिल्लीजवळ गुडगावला आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगरला मुले ह्याच विषाने गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांस उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते. त्या औषधाच्या नमुन्यात हे द्रव्य शेकडा ४८.६ निघाले. मर्यादा आहे शेकडा ०.१०!

भगिनींनो, येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. ह्या द्रव्याच्या तपासणीस कोणा प्राण्याची गरज नाही. नव्या संशोधनाचीही गरज नाही. नमुन्याचा ठिपका काचपट्टीवर ठेवून करावयाची साधी परीक्षा आहे, यंत्रावर करावयाची अधिक सूक्ष्म परीक्षाही आहे. ग्लिसरिनचे पिंप कारखान्यात आले की ते फोडण्यापूर्वी एवढे करावयाचे. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून ते केले जात नाही, आणि शेवटी खोकला झालेले मूल हाच परीक्षेचा प्राणी होतो. ज्यांना सशांची दया येते त्यांनी ह्याचाही विचार करावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

लशींत फॉर्मॅलिन असते, ॲल्युमिनियम असते असे संदेश आपल्या भ्रमणध्वनीवर फिरतात. असते, नाही असे नव्हे. जंतू वा त्यांचे विष निष्क्रिय करण्यास फॉर्मॅलिन वापरतात व त्याचा अत्यल्प अंश उरतो. पण तेच द्रव्य आपल्या प्रत्येकाच्या रक्तात शरीर स्वतः तयार करीत असते आणि तान्ह्या मुलाच्या अंगी असलेले प्रमाण लशीतल्या अंशापेक्षा पुष्कळ अधिक असते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या युरोपीय वैद्याने सांगून ठेवले आहे की विष ठरते ते मात्रेवरून. 'अति तेथे माती' म्हणणाऱ्या आपल्या आजीसही ते ठाऊक होते. विषशास्त्राचे निम्मे काम म्हणजे ही मात्रा शोधणे होय: कितीपर्यंत काही होत नाही, कितीपासून होऊ लागते, आणि ह्या दोहोंत अंतर किती राखावे.

आता जनावरांचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही.

त्या मुलीस आम्ही एकदा घरी बोलावले व स्पष्टच विचारले की, तू नेमके करतेस काय? तिने सांगितले ते असे. शिरेतून द्यावयाच्या औषधात जंतू मेलेले असले तरी त्यांच्या शरीराचे कण उरू शकतात आणि त्यांनी रोग्यास थंडी वाजून ताप भरतो. ते कण आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तीन सशांच्या कानांच्या शिरेतून औषध देतात आणि तीन तास त्यांचे तापमान पाहतात. ती म्हणाली, "गुरुजी, ससा घाबरला की त्याचा ताप आपोआप चढतो आणि परीक्षाच बिघडते. म्हणून आधी कित्येक दिवस त्यांना हाताची सवय लावावी लागते. ज्याचा हात कठोर आहे त्याला ह्या कामावर ठेवीतच नाहीत." आम्ही चाळीस वर्षे मुले शिकविली, हे वाक्य आमच्या व्यवसायासही लागू पडावे. मग आम्ही विचारले, सगळेच प्रयोग असे सौम्य असतात काय? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही." काही परीक्षांत प्राणी मारावे लागतात. ती ते लपवीत नाही आणि तिला ते आवडतही नाही.

ह्या परीक्षा निष्फळ असतात, असे जे म्हणतात त्यांच्याजवळ एक मोठा पुरावा आहे, तो आम्ही दडविणार नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निघाले. उंदरांस प्रचंड मात्रेत दिले तरी ते मरेनात. म्हणून ते अगदी निर्धोक म्हणून विकले गेले. गरोदर स्त्रियांनी ते घेतले आणि जगभर हजारो मुले हातापायांविना वा खुरटलेल्या हातापायांनी जन्मली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते जर्मनीत बंद झाले. गाभण जनावरांवर ते पाहिलेच नव्हते आणि पुढे पाहिले तेव्हा असे दिसले की उंदीर त्याला फारसा दाद देत नाही, काही जातींचे ससे मात्र देतात. म्हणजे जनावर हे माणूस नव्हे, आणि कोणत्या जनावरास कोणता प्रश्न विचारावयाचा हे न कळता मारलेले जनावर फुकट जाते.

अमेरिकेत मात्र ह्या औषधास परवानगी मिळाली नाही. कंपनीचा अर्ज सप्टेंबर १९६० मध्ये ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर आला, त्या फ्रान्सेस केल्सी. तीच ती शिकागोची विद्यार्थिनी. कंपनीने पुनःपुन्हा तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. बाई प्रत्येक वेळी "पुरावा अपुरा आहे" म्हणून अर्ज परत करीत राहिल्या. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनी त्यांचा सन्मान केला. त्या १०१ वर्षे जगल्या.

ह्याच्या उलट बाजूचीही एक हकीकत आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत पोलिओची लस सुरू झाली आणि कॅलिफोर्नियातील एका कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याने मुले व त्यांच्या घरची माणसे मिळून सुमारे २०० जण लुळे झाले, १० दगावले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारी प्रयोगशाळेतील बर्निस एडी नावाच्या संशोधिकेने त्या कंपनीच्या लशीचे नमुने माकडांस टोचले होते आणि माकडे लुळी पडलेली पाहून वरिष्ठांस इशारा दिला होता. तो ऐकला गेला नाही. माकडांनी आपले काम केले होते, बाईंनीही केले होते.

आता ह्या शास्त्राची वाट कोणीकडे चालली आहे, तेही सांगतो, कारण माळकरी मंडळींस ते ऐकून बरे वाटेल. लशीचा प्रत्येक घाणा काही उंदरांस व गिनीपिगांस टोचून आठवडाभर पाहण्याची एक जुनी परीक्षा होती. तिच्यातून उपयुक्त असे काही कळत नाही असे अनुभवांती ठरल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ती वगळण्याची शिफारस केली. सशांच्या तापाची परीक्षाही अनेक ठिकाणी मागे पडत आहे. तिच्या जागी मानवी रक्तपेशींवर नळीतच करावयाची परीक्षा आली आहे. प्रयोगातील प्राण्यांस अनावश्यक यातना होऊ नयेत ह्यासाठी आपल्या देशात १९६० च्या कायद्याखाली समिती आहे, आणि २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशींवरील व इतर नव्या पद्धती वापरण्यास मुभा मिळाली. पण ही प्रत्येक नवी पद्धत जुन्या परीक्षेइतकी भरवशाची आहे हे आधी दाखवावे लागते. ते दाखविणारी माणसे कोण? ज्यांनी सशांचा ताप वर्षानुवर्षे मोजला, तीच. आपली ही मुलगी गेले वर्षभर ह्याच तुलनेच्या कामावर आहे. एका बाजूस ससे, दुसऱ्या बाजूस रक्तपेशी, आणि दोन्हींची उत्तरे जुळतात की नाही ते पाहणे. स्थळ मोडणाऱ्या मंडळींस हे ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते, मध्यस्थाने विचारावयास हवे होते, ते आम्ही विचारले नाही. हा दोष आमच्याकडे लागतो.

शिबिराच्या दारातून परत गेलेल्या भगिनींकडे आम्ही पुढे जाऊन आलो. आज जे सांगितले त्यातील बरेचसे त्यांस सांगितले. त्यांनी मुलकोवालची गोष्ट दोनदा ऐकून घेतली, चिमटा पडला तो भाग विशेष लक्षपूर्वक. नंतर नातवास घेऊन त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात गेल्या आणि कुपीवरचा क्रमांक त्यांनी स्वतः कार्डावर लिहवून घेतला, असे त्यांच्या सूनबाईंकडून कळले.

राहता राहिली ती मुलगी. ती आज ह्या सभागृहात आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही. आपल्या गेल्या वर्षीच्या वधूवर सूचीत तिच्या नावापुढील व्यवसायाच्या रकान्यात 'खासगी नोकरी' एवढेच छापले होते. तिच्या वडिलांनीच तसे सांगितले होते. यंदा सूचीची मुद्रिते तपासण्यास आली तेव्हा ती स्वतः मंडळाच्या कार्यालयात आली आणि तो रकाना तिने दुरुस्त करून घेतला: 'संशोधन सहायक, औषध व रसायन विषपरीक्षण प्रयोगशाळा'. वडील सोबत होते. ते काही बोलले नाहीत, पण सही त्यांनीच केली. सूची छापून तयार आहे. बाहेरच्या मेजावर मिळेल.